पत्ता एक, बिऱ्हाडे अनेक

काही महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी भरलेल्या एका शिक्षक-शिबिरात आम्ही संगणकांच्या जाळ्याविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर एक विज्ञान-शिक्षिका पुढे आल्या. त्यांच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने त्यांना प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर देता न आल्याची रुखरुख त्यांना लागून राहिली होती. मुलगी म्हणाली होती, "बाई, शाळेतल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे. आमच्या घरच्या संगणकाचा पत्ताही नेमका तोच आहे. मग मी शाळेत बसून काही मागवले, तर ते आमच्या घरी का जात नाही?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. एकाच पत्त्याची दोन घरे असतील तर पोस्टमनची पंचाईत होते, हे आपण सारे जाणतो. मग इंटरनेटच्या पोस्टमनची पंचाईत का होत नाही? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर आपल्या घरातली, शाळेतली ती छोटी दिवे लुकलुकणारी पेटी, म्हणजे राउटर, काय करामत करते ते उलगडते. एवढेच नव्हे, तर ही करामत करायची वेळ जगावर का आली आणि तिची किंमत कोण मोजते, हेही लक्षात येते.

पत्ता म्हणजे नेमके काय?

इंटरनेटवरून जाणारी कोणतीही गोष्ट, मग ते चित्र असो, आवाज असो वा परीक्षेचा निकाल, एकसंध जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात घातला जातो. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात: पाठवणाऱ्याचा आणि ज्याला पोचवायचे त्याचा. वाटेतले राउटर फक्त पोचवायचा पत्ता वाचतात आणि पाकीट योग्य दिशेने पुढे ढकलतात. पाठवणाऱ्याचा पत्ता कामी येतो तो उत्तर देताना.

हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे द्विमान पद्धतीतल्या ३२ अंकांचा असतो. वाचायला सोपे जावे म्हणून आठ-आठ बिटांचे चार गट करून प्रत्येक गट दशमान पद्धतीत लिहायचा आणि मध्ये टिंबे द्यायची, असा प्रघात आहे. आठ बिटांत ० ते २५५ या संख्या मावतात. म्हणून पत्त्यातला कोणताही आकडा २५५ पेक्षा मोठा दिसणार नाही.

पण संगणकापर्यंत पाकीट पोचले म्हणजे काम संपले असे नाही. एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. एका खिडकीत वर्तमानपत्र उघडलेले असते, दुसरीत टपाल, तिसरीत एखादे व्याख्यान. आलेले पाकीट यांपैकी कोणाचे? त्यासाठी पाकिटावर आणखी दोन क्रमांक असतात, पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या 'पोर्ट'चे. पोर्ट म्हणजे यंत्राला मागे असलेले भोक नव्हे. पत्ता हा इमारतीचा मानला, तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक समजावा. तो १६ बिटांचा असतो, म्हणजे २ चा १६ वा घात, ६५,५३६ क्रमांक उपलब्ध होतात. काही क्रमांक ठरावीक कामांसाठी राखलेले आहेत. उदाहरणार्थ, सुरक्षित संकेतस्थळे ४४३ या पोर्टवर ऐकत असतात. आपल्या बाजूचा पोर्ट मात्र आपला संगणक त्या त्या वेळी मोकळ्या क्रमांकांतून निवडतो.

ही पोर्टची गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळी युक्ती तिच्यावरच उभी आहे.

पत्ते कमी कसे पडले?

३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. ही पद्धत १९८१ साली लिहून निश्चित झाली आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्याने ती स्वीकारली. त्या काळी संगणक विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत असत. घरोघरी, खिशाखिशात संगणक असेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. या पद्धतीच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, आपण एक प्रयोग करीत आहोत अशीच त्यांची समजूत होती.

त्यातही सुरुवातीची वाटणी सढळ हाताने झाली. पत्त्यांचे तीन आकारांचे गठ्ठे होते: २५६ चा, ६५,५३६ चा आणि १,६७,७७,२१६ चा. एखाद्या संस्थेला दोन हजार पत्ते हवे असतील तर लहान गठ्ठा पुरत नसे, म्हणून ती मधला घेई आणि उरलेले साठ हजारांहून अधिक पत्ते तसेच पडून राहत. अमेरिकेतील एमआयटी या एकट्या संस्थेकडे सर्वांत मोठा गठ्ठा, म्हणजे दीड कोटीहून अधिक पत्ते होते. त्यांतील बहुतेक कधी वापरलेच गेले नाहीत आणि अखेर २०१७ साली त्यांतील मोठा भाग तिने विकायला काढला. जे पंगतीला आधी बसले त्यांच्या पानात भरपूर वाढले गेले, एवढाच याचा अर्थ. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते ऑगस्ट १९९५ मध्ये, विदेश संचार निगमातर्फे. तोवर पत्ते पुरणार नाहीत हे जाणकारांना कळून चुकले होते.

उपाय दोन होते. एक खरा आणि लांबचा: अधिक लांबीचा नवा पत्ता ठरवणे. दुसरा तात्पुरता: आहे तोच पत्ता अनेकांनी मिळून वापरणे. दुसऱ्या उपायाचे टाचण केल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन', आद्याक्षरांनी 'नॅट', म्हणजेच पत्त्यांचे भाषांतर, हे त्याचे नाव. खरा उपाय येईपर्यंतची ही सोय आहे, असे त्या टाचणातच म्हटले होते.

त्यापाठोपाठ फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन गठ्ठे 'खासगी' म्हणून कायमचे बाजूला काढण्यात आले: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणाच्याही मालकीचे नाहीत. ज्याने त्याने आपल्या चार भिंतींच्या आत ते खुशाल वापरावेत. अट एकच: हे पत्ते असलेली पाकिटे उंबऱ्याबाहेर जाता कामा नयेत. बाहेरच्या राउटरांना या पत्त्यांकडे जायची वाट ठाऊकच नसते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. शाळेतून मागवलेले तिच्या घरी जाणे शक्यच नाही, कारण १९२.१६८.१.५ हा पत्ता बाहेरच्या जगाच्या दृष्टीने कोठेच नाही. वाड्यातल्या 'जिन्याखालच्या खोली'सारखा तो आहे. वाड्यातल्या माणसांना तेवढे पुरते, पण पाकिटावर नुसते 'जिन्याखालची खोली' लिहिले तर पोस्ट ते पोचवू शकत नाही. अशा खोल्या तर गावोगावच्या वाड्यांत आहेत. पण मग उरलेला अर्धा प्रश्न अधिकच अवघड होतो. बाहेरच्या जगाला पत्ता ठाऊकच नसेल, तर उत्तर शाळेत तरी कसे पोचते?

जावक क्रमांकाची युक्ती

कोणत्याही सरकारी कचेरीत एक आवक-जावक विभाग असतो. समजा, कचेरीत चाळीस कर्मचारी आहेत. कोणीही बाहेर पत्र पाठवले तरी ते आवक-जावक लिपिकाच्या टेबलावरून जाते. पत्रावर कर्मचाऱ्याच्या टेबलाचा पत्ता नसतो. असतो तो कचेरीचा. लिपिक पत्राला एक जावक क्रमांक देतो आणि नोंदवहीत लिहितो: जावक क्रमांक अमुक, टेबल तमुक. समोरची कचेरी उत्तर देताना 'संदर्भ: आपले पत्र जा.क्र. अमुक' असे लिहिते. उत्तर आले की लिपिक वही उघडतो, क्रमांक शोधतो आणि पत्र त्या टेबलावर नेऊन ठेवतो. समोरच्या कचेरीला ते टेबल कोठे आहे, हे कधीही कळण्याची गरज पडत नाही.

राउटर नेमके हेच करतो. जावक क्रमांकाचे काम करतो पोर्ट.

शाळेतल्या संगणकाने एका संकेतस्थळाचे पान मागवले, असे समजू. शाळेच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता २०३.०.११३.७ आणि संकेतस्थळाचा पत्ता १९८.५१.१००.२० मानू. (हे दोन्ही पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गठ्ठ्यांतले आहेत, प्रत्यक्षात ते कोणालाही दिलेले नाहीत.)

संगणकातून निघालेल्या पाकिटावर असते: पाठवणारा १९२.१६८.१.५, पोर्ट ५१५००, घेणारा १९८.५१.१००.२०, पोर्ट ४४३.

पाकीट राउटरपाशी येते. राउटर आपल्या वहीत मोकळा क्रमांक पाहतो, समजा ४०००१, आणि नोंद करतो: बाहेरचा पोर्ट ४०००१, आतला पत्ता १९२.१६८.१.५, पोर्ट ५१५००. समोरचा पत्ता १९८.५१.१००.२०, पोर्ट ४४३. मग पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तो तिथे लिहितो: २०३.०.११३.७, पोर्ट ४०००१. घेणाऱ्याच्या पत्त्याला हात लावत नाही. पाकीट बाहेर पडते.

संकेतस्थळाला वाटते, २०३.०.११३.७ या यंत्रानेच पान मागवले आहे. ते उत्तर पाठवते: घेणारा २०३.०.११३.७, पोर्ट ४०००१. उत्तर राउटरपाशी येते. राउटर वहीत ४०००१ शोधतो, घेणाऱ्याच्या जागी १९२.१६८.१.५, पोर्ट ५१५०० लिहितो आणि पाकीट आत सोडतो. संगणकालाही काही कळत नाही. त्याला आपल्याच पत्त्यावर उत्तर मिळालेले असते. दोन्ही टोकांना अंधारात ठेवून मधल्यामध्ये केलेले हे भाषांतर आहे.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, पोर्ट बदलायची गरजच काय? ५१५०० हाच क्रमांक बाहेर का वापरू नये? अडचण अशी की, शेजारच्या १९२.१६८.१.६ या संगणकानेही योगायोगाने ५१५०० हाच पोर्ट निवडून त्याच संकेतस्थळाला साद घातली, तर दोन उत्तरे एकाच नावाने येतील आणि कोणते कोणाचे ते ओळखता येणार नाही. म्हणून त्या दुसऱ्या पाकिटाला राउटर ४०००२ हा वेगळा क्रमांक देतो. जिथे असा गोंधळ संभवत नाही, तिथे काही राउटर मूळचाच पोर्ट कायम ठेवतातही.

आता त्या मुलीचे घर घेऊ. घरच्या राउटरचा बाहेरचा पत्ता वेगळा आहे आणि त्याची वहीही वेगळी आहे. दोन्ही वह्यांत १९२.१६८.१.५ असे लिहिलेले असले तरी एक वही दुसरीत मिसळत नाही. पुण्याच्या कचेरीत टेबल क्रमांक पाच असले म्हणून नागपूरच्या कचेरीतल्या टेबल क्रमांक पाचची पत्रे तिथे जात नाहीत, तसेच हे. तिचे उत्तर पूर्ण झाले.

बेरीज पुन्हा जुळवावी लागते

आपली उपमा एका बाबतीत अपुरी आहे. पाकिटावरचा पत्ता नुसता खोडून भागत नाही. प्रवासात एखादा अंक बिघडला तर कळावे, म्हणून पाकिटावर एक पडताळ्याची संख्या लिहिलेली असते. पाकिटावरचा मजकूर सोळा-सोळा बिटांच्या संख्या मानून त्यांची एका ठरावीक रीतीने केलेल्या बेरजेपासून ती काढतात. पत्ताही या बेरजेत असतो. पत्ता बदलला की बेरीज चुकते आणि घेणारे यंत्र 'पाकीट बिघडलेले आहे' म्हणून ते फेकून देते. म्हणून राउटरला पडताळ्याची संख्याही सुधारावी लागते.

यासाठी सबंध पाकीट पुन्हा मोजायचे का? तसे नाही. गुणपत्रिकेत एका विषयाचे गुण फेरतपासणीत ६२ चे ६७ झाले, तर आपण सगळ्या विषयांची बेरीज नव्याने करत नाही. जुन्या बेरजेत ५ मिळवतो. राउटरही जुन्या आणि नव्या पत्त्यांतला, पोर्टांतला फरक तेवढा हिशेबात धरतो. सेकंदाला हजारो पाकिटे हाताळायची असताना ही बचत मोलाची ठरते.

नोंद कधी खोडायची?

वही अमर्याद नसते. संभाषण संपले की नोंद खोडायला हवी. इंटरनेटवरचे बरेचसे व्यवहार टीसीपी नावाच्या नियमांनी होतात आणि त्यांत 'आता संपले' असे स्पष्ट सांगणारे पाकीट असते. ते दिसले की राउटर थोडा वेळ थांबून नोंद काढून टाकतो. यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत असा निरोपाचा नमस्कार नसतो, तिथे राउटर घड्याळ लावतो. अशी नोंद निदान दोन मिनिटे ठेवावी, असा दंडक २००७ साली लिहिला गेला. उलट टीसीपीचे संभाषण मुके पडले तरी ते निदान दोन तास चार मिनिटे जपावे, असे २००८ च्या दंडकात आहे. सारेच राउटर हे पाळतात असे मात्र नाही.

राउटर बंद करून पुन्हा चालू केला तर काय होते, हे आता विद्यार्थ्यांना स्वतःच सांगता यावे. वही कोरी होते. वाटेत असलेली उत्तरे येतात, पण त्यांचा मालक सापडत नाही. ती टाकून दिली जातात आणि चालू असलेली संभाषणे तुटतात.

बाहेरून आलेला अनोळखी

आतापर्यंत संभाषणाची सुरुवात नेहमी आतून झाली. आता उलटा विचार करू. बाहेरच्या कोणी २०३.०.११३.७ या पत्त्यावर आपणहून पाकीट पाठवले, तर? वहीत त्याची नोंद नाही. शाळेतल्या वीस संगणकांपैकी ते कोणाला द्यायचे? राउटरला ठरवता येत नाही, म्हणून तो ते टाकून देतो.

याचा एक फायदा झाला. बाहेरून येणारी आगंतुक पाकिटे दारातच अडल्याने पुष्कळ उपद्रव टळतो. यावरून 'नॅट म्हणजे कुलूप' असा समज पसरला. पण तो बरोबर नाही. आवक-जावक लिपिक हा पहारेकरी नव्हे. आतल्या माणसाने स्वतःच एखाद्या लबाडाला पत्र धाडले, तर त्याचे उत्तर लिपिक इमाने इतबारे आत आणून देईल. घातक संकेतस्थळ उघडले किंवा घातक फाइल उतरवून घेतली, तर नॅट आपले रक्षण करत नाही.

तोटा मात्र मोठा आहे. मूळ इंटरनेटमध्ये सर्व यंत्रे एका पंक्तीत होती. कोणीही कोणाला साद घालावी आणि कोणीही उत्तर द्यावे, अशी रचना होती. नॅटच्या मागे बसलेले यंत्र फक्त मागू शकते. त्याला कोणी हाक मारू शकत नाही. समजा, एखाद्या शाळेने अंगणात पर्जन्यमापक बसवला, त्याला छोटा संगणक जोडला आणि इतर शाळांनी तो केव्हाही पाहावा अशी सोय करायचे ठरवले. इतर शाळांची पाकिटे राउटरच्या उंबऱ्यावरच थांबतील. यावर उपाय आहे: वहीत हाताने एक कायमची नोंद करून ठेवायची की, अमुक पोर्टवर येणारे प्रत्येक पाकीट त्या छोट्या संगणकाकडे द्यावे. पण अशी नोंद करण्याचा अधिकार राउटर ज्याच्या हाती आहे त्यालाच असतो.

मग दोन घरांतल्या दोन माणसांचे एकमेकांना पाहत बोलणे कसे जमते? दोघेही नॅटच्या मागे असताना पहिली हाक मारायची कोणी? इथे तिसऱ्याची मदत घेतात. दोन्ही यंत्रे बाहेरच्या एका मध्यस्थाला साद घालतात. मध्यस्थ प्रत्येकाला त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो, आणि दुसऱ्याचाही कळवतो. मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांकडे पाकिटे पाठवतात. प्रत्येकाच्या राउटरला वाटते, संभाषण आतूनच सुरू झाले. तो नोंद करतो आणि समोरून येणारे पाकीट त्या नोंदीत बसते. काही राउटर मात्र प्रत्येक नव्या समोरच्या पत्त्यासाठी नवा क्रमांक देतात. मग मध्यस्थाने सांगितलेला क्रमांक निरुपयोगी ठरतो आणि सारे बोलणे मध्यस्थामार्फतच न्यावे लागते.

आणखी एक अडचण पत्राच्या मजकुराची. लिपिक पाकिटावरचा पत्ता बदलतो. पण पत्रातच कोणी 'उत्तर माझ्या टेबल क्रमांक पाचवर पाठवावे' असे लिहिले असेल, तर? फाइली पाठवण्याची एफटीपी ही जुनी पद्धत नेमके हेच करते. तिच्यासाठी राउटरला पाकीट फोडून आतला मजकूरही बदलावा लागला. पुढे बहुतेक मजकूर सांकेतिक लिपीत जाऊ लागल्यावर तीही वाट बंद झाली.

सबंध गल्लीचा एकच पत्ता

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून संपले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचे कोठार शेवटच्या गठ्ठ्यावर आले आणि तेव्हापासून नवे पत्ते मोजूनमापून मिळू लागले. पण ग्राहक तर वाढतच होते. तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आणखी एक मजला चढवला. तुमच्या राउटरला मिळणारा बाहेरचा पत्ताही खासगीच द्यायचा आणि कंपनीच्या मोठ्या राउटरने त्याचे दुसऱ्यांदा भाषांतर करायचे. यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा खास गठ्ठा राखून ठेवण्यात आला.

इथे थोडे गणित करू. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट. राखीव कामांचे पहिले १,०२४ सोडले तर ६४,५१२ उरतात. कंपनीने एक पत्ता ६४ ग्राहकांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,००८ येतात. पुरेसे वाटतात, पण आजचे एखादे पान उघडताना वेगवेगळ्या ठिकाणी मिळून पंचवीस-तीस संभाषणे सहज सुरू होतात. चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी एकदम असे पान उघडले, तर हिशेब कोठे जातो, ते विद्यार्थ्यांनी करून पाहावे. (समोरचा पत्ता वेगळा असेल तर तोच पोर्ट पुन्हा वापरता येतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी अधिक सवड मिळते.)

परंतु खरा धोका पोर्ट संपण्याचा नाही. पत्ता ही ओळख मानली जाते, हा आहे. एका पत्त्यामागे शेकडो माणसे असतील, तर एकाच्या खोडीची शिक्षा सगळ्यांना होते. जानेवारी २००७ मध्ये विकिपीडियावर खोडसाळ बदल होतात म्हणून एक पत्ता काही काळ रोखण्यात आला, तेव्हा असे आढळले की कतार या देशातली जवळजवळ सारी ये-जा त्याच पत्त्यावरून दिसत होती. तिथे अनेकांना एक करणारे यंत्र वेगळ्या जातीचे होते, पण धडा तोच. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संघटनेने जाहीर तक्रार केली की, या सामायिक पत्त्यांमुळे गुन्हेगार शोधणे कठीण जाते आणि निरपराध्यांची चौकशी होण्याची भीती वाढते.

ही भीती पुस्तकी नाही. २००७ साली महाराष्ट्रातल्या एका तपासात, अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता याची चुकीची माहिती पुरवली गेली आणि एका निरपराध अभियंत्याला सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढावे लागले. तेव्हा प्रश्न निव्वळ पत्ता आणि वेळ यांचा होता. आज पत्ता सामायिक असेल, तर पत्ता, वेळ आणि पोर्ट या तिन्ही गोष्टी अचूक जुळल्याशिवाय कोणाकडेही बोट दाखवता येत नाही. 'पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला' हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांनी कधीही निमूटपणे मान्य करू नये, असे आम्हाला वाटते.

तात्पुरते किती दिवस?

खरा उपाय कधीच तयार झाला. १२८ बिटांच्या नव्या पत्त्याचा, म्हणजे आयपी आवृत्ती ६ चा, पहिला आराखडा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३.४ × १०^३८ पत्ते आहेत. कोणालाही पत्ता वाटून घ्यायची गरज नाही. पण नवी यंत्रे जुन्या यंत्रांशी थेट बोलू शकत नाहीत, त्यामुळे जुने सोडवत नाही. शिवाय नॅटने वेळ निभावून नेल्यामुळे घाई कोणालाच उरली नाही. भारतात २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट झपाट्याने पसरले ते बऱ्याच अंशी नव्या पत्त्यांवरच, आणि नवे पत्ते वापरण्यात आज आपला देश आघाडीवर आहे. तरीही जुन्या पत्त्यावर बसलेल्या संकेतस्थळांशी बोलण्यासाठी मध्ये भाषांतर लागतेच. १९९४ ची तात्पुरती सोय तीस वर्षांनंतरही ठाण मांडून आहे.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग सोपा आहे. विंडोज संगणकावर आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत टंकित करावी. संगणकाचा आतला पत्ता दिसेल. मग बाहेरचा पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ त्याच संगणकावर उघडावे. दोन पत्ते वेगळे असतील. शेजारच्या संगणकावर हेच करावे: आतला पत्ता बदलेल, बाहेरचा तोच राहील. बाहेरचा पत्ता लांबलचक, विसर्गासारखी टिंबे आणि रोमन अक्षरे असलेला दिसला, तर तो नव्या पद्धतीचा समजावा. तो मात्र संगणकागणिक निरनिराळा असेल. असे का, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.

दुसऱ्या प्रयोगाला संगणकही लागत नाही. वर्गात दोन 'घरे' करावीत. प्रत्येक घरात चार मुले, दोन्ही घरांत १ ते ४ हेच क्रमांक. प्रत्येक घराच्या दारात एक मूल वही घेऊन राउटर म्हणून बसेल. फळ्यापाशी एक मूल संकेतस्थळ होईल. मुलांनी चिठ्ठीवर आपला क्रमांक, मनाने निवडलेला पोर्ट आणि एक प्रश्न लिहून राउटरकडे द्यावा. राउटरने क्रमांक खोडून घराचे नाव आणि नवा पोर्ट लिहावा, वहीत नोंद करावी. उत्तर वहीवरूनच पोचवावे. दोन मुलांना मुद्दाम एकच पोर्ट निवडायला सांगावे. मग फळ्यापाशी बसलेल्या मुलाला न विचारताच एक चिठ्ठी पाठवायला सांगावे. शेवटी, उत्तरे वाटेत असताना एका राउटरची वही काढून घ्यावी आणि काय होते ते पाहावे.

शिबिरातल्या त्या शिक्षिकांनी हा खेळ आपल्या वर्गात घेतला आणि आम्हाला पत्राने कळवले. खेळ संपल्यावर त्याच मुलीने आणखी एक प्रश्न विचारला होता: "राउटरने वहीत मुद्दाम खोटे लिहिले, तर आम्हाला कसे कळणार?" हा प्रश्न पहिल्याहूनही चांगला आहे. उत्तर आमच्यापेक्षा वाचकांनीच आपापल्या वर्गात शोधावे.